मंत्रिमहोदय, उसाच्या फडात गोळ्या संपल्या तर?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली आमची गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी बिऱ्हाड घेऊन ऊस तोडायला साखर कारखान्यांवर जातात, ती उन्हाळ्यातच परततात. त्यांच्यात मनाच्या आजारावर औषध चालू असलेली माणसंही असतात. गोळ्या मिळतात महिन्याच्या, हंगाम चालतो पाच-सहा महिने.

मी बचत गटाची कार्यकर्ती. मागच्या हंगामात गटातल्या एका बाईच्या नवऱ्याच्या गोळ्या फडातच संपल्या. जवळच्या सरकारी दवाखान्यात म्हणाले, आधीचा कागद आणा. कागद इकडे घरी, पत्र्याच्या पेटीत. सासूनं पेटी उघडली, शेजारच्या पोरीनं फोटो काढून पाठवला, मग कुठे बाहेरच्या मेडिकलातून गोळ्या मिळाल्या. तोवर आठ दिवस तो माणूस झोपला नव्हता.

योजना नाहीत असं मी म्हणणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. २०१५ साली शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प आला, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे घेतले. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ नंबर आम्ही गटाच्या वहीवर लिहून ठेवलाय, त्यावर मराठीत बोलता येतं. पण फोनवर धीर मिळतो, गोळी मिळत नाही. आणि फोन लाव म्हणून सांगायलाही कुणीतरी शेजारी बसलेलं लागतं. ते बसणं आमचे गट, ऊसतोड कामगारांच्या संघटना, आशाताई करतच आहेत. सरकारच्या कागदावर मात्र आम्ही १० ऑक्टोबरच्या, मानसिक आरोग्य दिनाच्या रॅलीपुरत्या.

सरकारला आमच्यासारख्यांसोबत काम करता येतं, हे याच मातीत दिसलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या घरदुरुस्तीत शासनानं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला रीतसर काम दिलं आणि गावच्या बाया संवाद सहायक, म्हणजे गाव आणि शासन यांच्यातला दुवा झाल्या. भिंतींसाठी जे जमलं, ते मनाच्या दुखण्यासाठी का जमू नये?

कायद्यातही जागा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या पुनर्विलोकन मंडळावर दोन सदस्य हे स्वतः आजारातून गेलेले, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांचे असतात. आमच्या भागातल्या त्या खुर्च्यांवर खेड्यातली माणसं बसवा, मुंबई-पुण्याची नकोत.

मागणी मोठी नाही. हंगामाआधी ग्रामीण रुग्णालयात एक दिवस ठरवा, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ तिथे असावेत. पेशंटला असा कागद द्या, जो कोल्हापूर-सांगलीच्या सरकारी दवाखान्यातही चालेल. कारखान्याजवळच्या दवाखान्यात त्या गोळ्या ठेवा. कुणाला कुठे जायचं हे आम्ही गटातून सांगू, पण नावांची यादी कुणाला देणार नाही. मुकादमाला कळलं की पुढच्या वर्षी उचल मिळत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आणि आमच्या कार्यकर्तीला निदान एसटीचं भाडं द्या. आशाताईंवर आणखी एक फुकटचं रजिस्टर लादू नका.

यासाठी दसऱ्याआधी बीडला एक बैठक घ्या. साखर आयुक्तालय आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळालाही बोलवा, कारखाने त्यांचंच ऐकतात. फक्त बैठक सकाळी ठेवा. आमच्या गावाला संध्याकाळी शेवटची गाडी साडेपाचला आहे.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक बचत गट कार्यकर्ती