अठ्ठावीस ठिपके

विश्रामबाग, सांगली
रविवार

ती. आई आणि बाबांना सा. न.

फोनवर मी "बरी आहे" म्हणते, तुम्ही "बरं" म्हणता आणि तिथेच आपलं बोलणं संपतं. म्हणून पत्र. पेनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ते जाड केलंय, बारीक पेन धरवत नाही. एका बैठकीत होणारही नाही. मध्येच अक्षर सुधारलं तर दिवस बदलला असं समजा.

विषय त्या वहीचा. मागे तुम्ही आला होतात तेव्हा आईने ती उघडली, दोन पानं पाहिली आणि मिटून कपाटात साड्यांखाली ठेवून दिली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. बाबा, तुम्ही रहिमतपूरच्या गाडीत बसताना एवढंच म्हणालात, "फुलंबिलं काढत जा की." रात्री उशीखाली यमाईचा अंगारा सापडला. तो तिथेच आहे, हलवलेला नाही.

आई, तुला ते अभद्र वाटलं असणार. पानामागून पान बाईमाणसाच्या आकृत्या आणि अंगभर लाल डाग. तर ते काय आहे ते सांगते.

संधिवाताचे डॉक्टर दर खेपेला माझे अठ्ठावीस सांधे दाबून बघतात. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे, आणि उरलेले वीस सगळे हातांच्या बोटांचे. किती दुखतात, किती सुजलेत ते मोजतात, रक्ताचा रिपोर्ट बघतात आणि मला विचारतात, एकंदर कसं वाटतंय, शंभरपैकी सांगा. या सगळ्यातून एक आकडा निघतो. औषध वाढवायचं की आहे तेच ठेवायचं, हे ठरवताना तो बघतात. आकडा कामाचा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण सकाळी सहाला मूठ मिटत नाही, आठला मिटते, आणि तोवर पोरीचा डबा बाहेरून मागवून झालेला असतो, हे शंभरपैकी किती?

एकदा तिथून घरी आले आणि वहीत माणसाचा आकार काढून अठ्ठावीस ठिपके दिले. रंग नव्हते, हळद होती. सांगलीत हळदीला काय तोटा! पाण्यात कालवून सगळे ठिपके पिवळे केले आणि जे दुखत होते त्यांच्यावर चुन्याच्या निवळीचा एकेक थेंब सोडला. (बाबा, तुमची चुन्याची डबी दिवाळीत इथे राहिली होती. शोधू नका.) हळदीवर चुना पडला की लाल होतं. कुंकू असंच करतात हे आईनेच सांगितलेलं. तो लाल रंग कडेकडेने पसरताना बघत बसले. सूज अशीच येते. हे मला कुणाला सांगता आलं नव्हतं, ते वहीत आपोआप झालं.

आई, तू हळदीचं दूध पी म्हणतेस. पिते. त्याने सांध्यांचं दुखणं काही हटलं नाही, पण हळद या कामाला आली.

(सोमवार. काल बोटं थांबली.)

सोमवारची पानं करडी असतात, ती राख आहे. रविवारी रात्री संधिवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी असते, दुसऱ्या दिवशी मळमळतं, तोंडाला चव नसते. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते हं, रोज नाही. तेव्हा आईने रोज फोनवर "गोळी घेतलीस का" विचारू नये, माझा गोंधळ होईल.

हळदीचा रंग उन्हात उडतो. खिडकीशी लावलेली पानं पार फिकी पडली. तेव्हा साड्यांखाली ठेवलीस ते रंगाच्या दृष्टीने योग्यच केलंस.

आता पावलांचं. त्या अठ्ठाविसात पावलं धरतच नाहीत. माझी सकाळ मात्र तिथूनच सुरू होते, पलंगावरून उतरले की फरशीवर खडे पसरल्यासारखं वाटतं. म्हणून एक दिवस कागदाला खालून कागद जोडला, पावलं काढली, आणि चुना संपेपर्यंत लाल केली. ते पान घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चपला काढा बघू." तीन वर्षांत पहिल्यांदा.

बाबा, तुमच्या लेखी चित्र म्हणजे औंधच्या संग्रहालयातलं रविवर्म्याचं. तुमच्या फुलांच्या बाजूनेही एक मोठा माणूस आहे बरं का. रेन्वा नावाचा फ्रेंच चित्रकार, त्याला माझाच आजार होता. बोटं इतकी वळली की ब्रश दुसऱ्याने हातात द्यावा लागे, तरी 1919 मध्ये जाईपर्यंत फुलं, मुलं, बायकाच रंगवल्या. दुखण्याचा एक ठिपका नाही. मला तो आवडतो, पण जमत नाही. मेक्सिकोच्या फ्रिडा काहलोने 1944 मध्ये स्वतःला रंगवलं ते कण्याच्या जागी तुटका खांब आणि अंगभर खिळे असं. तेही मला झेपत नाही, फार मोठ्याने बोलल्यासारखं वाटतं. पण तिच्या घरची एक गोष्ट मनात राहिलीय. 1925 च्या बस अपघातानंतर ती पाठीवर पडून होती, तेव्हा आईने झोपून चित्र काढता येईल अशी घोडी करवून घेतली आणि वडिलांनी आपले रंग दिले. आपल्याकडे वडिलांचा चुना आला, तेवढाच फरक.

वही बघून वाईट वाटलं तर वाटू दे. पण मिटून ठेवू नका, विचारा. "इथे एवढं लाल का?" असं विचारलंत तर मला सांगता येतं. "कशी आहेस?" म्हटलं की तोंडातून "बरी" हेच निघतं.

सोबत दोन कोऱ्या आकृत्या पाठवतेय, एक आईची, एक बाबांची. ठिपके दिलेत, पावलांचे पण. हळद घरात आहेच. आई जिना एकेक पायरी, कठडा धरून उतरते, ते मी पाहिलंय. तिने सगळं पिवळंच ठेवून पाठवलं तर बाबा, तिच्या उजव्या गुडघ्याला तुम्ही चुना लावा. तिने मला इतकी वर्षं लावलाच आहे.

तुमची,
ताई