सुभेदार साहेब, थोरलीचं नर्सिंग पूर्ण झालं

आदरणीय सुभेदार साहेब,
जय हिंद.

मागच्या आठवड्यात मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येऊन गेले. थोरलीचं बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण झालं, नोंदणी झाली, ती एका रुग्णालयात रुजूही झाली, हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं. तुमच्या खुर्चीवर दुसरे कल्याण संघटक बसले होते. तुम्ही निवृत्त झालात, असं त्यांच्याकडून कळलं. खरं सांगते, बाहेरच्या बाकावर बराच वेळ तशीच बसून राहिले. मग ठरवलं, जे तोंडी सांगायचं होतं ते लिहूनच काढू, आणि चार जणींना वाचता येईल असं लिहू. माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या घरात धन्याच्या फौजेचे कागद पिशवीत बांधून पडलेले आहेत.

तुमच्यापुढून इतक्या फायली गेल्या असतील की माझी आठवण नसेल. मी पहिल्यांदा आले ती विधवा ओळखपत्रासाठी. ह्यांना जाऊन आठ महिने झाले होते. हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि घरी चार वर्षंही धड राहिले नाहीत, हृदयविकाराचा झटका आला. तुम्ही डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना ह्यांना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, मागितलंत. मला कुठला कागद कुठला तेच कळत नव्हतं, म्हणून मी अख्खी पिशवी टेबलावर रिकामी केली. दुसऱ्या कुणी हवा तो कागद उचलून बाकीचे माझ्याकडे सरकवले असते. तुम्ही चष्मा लावलात आणि एकेक घडी उलगडून वाचायला लागलात.

पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, वाचलात, मृत्यूचा दाखला वाचलात, मग तुमच्या हातात थोरलीची बारावीची गुणपत्रिका आली. "वहिनी, ही पुढं काय करतेय?" मी म्हटलं, नर्सिंगला नंबर लागलाय, पण फीचं जमेलसं दिसत नाही, एक वर्ष थांबवू म्हणते. "पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का?" मी म्हटलं, ती शहिदांच्या मुलांना असते ना? एका नेट कॅफेत मला तसंच सांगितलं होतं आणि मी ते खरं धरून गप्प बसले होते.

तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत आणि मला सगळं समजावून सांगितलंत. त्या दिवशी मी गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं टिपून घेतलं होतं, म्हणून आजही जसंच्या तसं सांगू शकते. ही योजना केंद्रीय सैनिक बोर्ड चालवतं, २००६-०७ पासून. दरवर्षी देशभरातून ५,५०० मुलं निवडली जातात, निम्म्या मुली, निम्मे मुलगे. मुलीला महिन्याला ३,००० रुपये आणि मुलाला २,५००, पण पैसे वर्षातून एकदाच थेट खात्यावर येतात. बारावीला किमान ६० टक्के हवेत आणि अभ्यासक्रम व्यावसायिक पदवीचा हवा. माजी सैनिकाच्या विधवेला स्वतःला शिकायचं असेल तर तिलाही अर्ज करता येतो.

आणि एक गोष्ट तुम्ही स्पष्ट सांगितलीत, तिच्यासाठी माझ्या मनात तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर आहे. तुम्ही म्हणालात, "मिळेलच असं मी म्हणणार नाही. आधी रणांगणावर गेलेल्यांची मुलं, मग लढताना अपंग झालेल्यांची, असा क्रम आहे. आपला गट शेवटचा, आणि त्यात गुणांवर निवड. पण अर्ज पहिल्या वर्षालाच करता येतो. ह्या वर्षी चुकलं तर पुढच्या वर्षी दार बंद." खोटी आशा लावली नाहीत आणि हातपाय गाळूही दिले नाहीत.

मग ते फूटपट्टीचं. तुम्ही डिस्चार्ज बुकात कुटुंबाच्या नोंदीचं पान काढलंत, ओळीखाली स्टीलची फूटपट्टी ठेवलीत आणि शेजारी शाळा सोडल्याचा दाखला धरलात. थोरलीची जन्मतारीख दाखल्यावर २१ आणि बुकात १२. कधीतरी कुणाच्या हातून आकडे उलटे पडले होते. इतक्या वर्षांत ते ना ह्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या. "असाच अर्ज गेला तर हरकत निघेल," म्हणालात आणि त्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं अगदी बारीक खूण केलीत.

पुढचे दोन महिने काय गेले ते मलाच माहीत. प्रतिज्ञापत्र, जन्माचा दाखला, फौजेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र. एकदा तिकडून कागद परत आले, एका प्रतीवर शिक्का उमटला नव्हता म्हणून. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही मात्र पुन्हा तेवढ्याच शांतपणे पाकीट तयार केलंत, पोचपावती फाईलला लावलीत आणि फोनवर विचारत राहिलात. प्रत्येक अर्ज मात्र माझ्याकडून लिहून घेतलात. मी म्हटलं, साहेब, तुम्हीच लिहा, माझं अक्षर बरं नाही. "अक्षर कुणी बघत नाही, पुढच्या वर्षी मी नसेन तर?" असं म्हणून कोरा कागद पुढं केलात. पुढं दरवर्षी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचे कागद मी एकटीनं केले ते त्यामुळेच. दरवर्षी निकाल लागला की पहिली नजर ५० टक्क्यांवर जायची, कारण त्याखाली गेलं तर पुढचे पैसे थांबतात. थोरलीनं ती वेळ एकदाही येऊ दिली नाही.

रेकॉर्ड ऑफिसचं दुरुस्तीचं पत्र शेवटच्या तारखेच्या नऊ दिवस आधी आलं. यादीत तिचं नाव आल्याचं तुम्हीच कळवलंत. बँकेत पासबुक छापायला टाकलं आणि ३६,००० ची ओळ उमटून बाहेर आली, तेव्हा मी ते तिथंच उभी राहून दोनदा वाचलं. सगळी फी त्यात भागत नव्हती, बाकीचं कुटुंब निवृत्तिवेतनातून आणि शिलाईतून भागवलं. पण मुलीला एक वर्ष घरी बसवायचा जो विचार मी मनात पक्का करून आले होते, तो त्या ओळीनं पुसला. एक वर्ष म्हणता म्हणता मुली कायमच्या घरी बसतात, हे मी माझ्या आजूबाजूला पाहिलं आहे.

धाकट्याचं तर मी विचारलंही नव्हतं. निघता निघता तुम्हीच म्हणालात, "आणि लहाना कितवीत?" हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या दोन मुलांना, पहिलीपासून पदवीपर्यंत, संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून शिक्षणासाठी अनुदान मिळतं, हे मला तेव्हा कळलं. महिन्याला १,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते २,००० झाले आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते, ज्यांनी रक्कम थोडी म्हणून सोडून दिलं असेल त्यांनी पुन्हा चौकशी करावी. हा निधी सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतूनच येतो, असंही तुम्ही सांगितलंत. शाळेत असताना ७ डिसेंबरला डब्यात नाणं टाकून छातीला कागदी झेंडा लावून घ्यायचे मी. ते नाणं फिरून माझ्याच मुलाच्या वह्या-पुस्तकांपाशी येईल, असं कधी मनात आलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना एसटीत तेच डोक्यात होतं.

आता माझ्या बहिणींसाठी थोडं. लढाईत धनी गेला असेल, बेपत्ता असेल किंवा कायमचा अपंग झाला असेल, तर मुलांच्या शिक्षण शुल्काची वेगळी सवलत आहे. १९७१ च्या युद्धानंतर ती सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महिन्याला १०,००० ची मर्यादा घातली होती, ती २०१८ मध्ये उठवली. आपल्या राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सैनिकांच्या मुलांसाठी ५ टक्के जागा राखीव असतात आणि सैनिकी शाळांतही राखीव जागा आहेत. मुलगा बारावीला जायच्या आधीच डिस्चार्ज बुक काढा. नाव, स्पेलिंग, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळवून बघा. धनी हयात असतील तर आजच त्यांना बसवून बघा, त्यांच्या सहीनं दुरुस्ती लवकर होते. मागे राहिलेल्या बाईला त्यासाठी किती दारं चढावी लागतात ते मी चढून बघितलं आहे.

साहेब, ह्यांच्या नोकरीत मी मुलांना घेऊन बहुतेक वर्षं गावीच होते. फौज म्हणजे काय हे मला सुट्टीच्या दिवसांपुरतंच माहीत. ह्यांचे सोबती ह्यांच्याबद्दल अजून आपुलकीनं बोलतात, पण त्या आपुलकीचा अर्थ मला तुमच्या टेबलापाशी कळला. तुम्ही ह्यांना कधी पाहिलं नव्हतं, पलटणही वेगळी होती. तरी ह्यांची फाईल तुम्ही घरच्या माणसाची असावी तशी हाताळलीत. गेल्या वर्षी मी दोघी जणींना घेऊन कार्यालयात गेले. एकीच्या कागदात आईचं नाव चुकलेलं होतं. ते मला सापडलं, फूटपट्टी ठेवूनच.

नवीन साहेबांकडून तुमचा पत्ता घेतला आहे. थोरलीला रुग्णालयात आठवड्याची सुट्टी कधी मिळेल ते अजून ठरायचं आहे. ठरलं की आम्ही तिघं येतो. धाकट्यानं अकरावीचा अर्ज स्वतः भरलाय, तो तुम्हाला दाखवायचा आहे म्हणतो. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

आपली,
एका हवालदाराची पत्नी