नमुन्यांच्या फायली रद्दीत देऊ नका

डोंबिवली

ती. बाबा व ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "असा काय मोठा केलंय मी? पत्रिका नि बिलबुकां छापलंय." मागून आईचा आवाज आला, की माळ्यावरच्या नमुन्यांच्या फायली वाळवी लागायच्या आत रद्दीवाल्याला द्यायच्या आहेत. फोनवर मला धड बोलता येईना, म्हणून हे पत्र.

कणकवलीत तुम्ही छापखाना टाकलात तेव्हा आपला पत्ता 'जि. रत्नागिरी' होता. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि सगळ्यांची लेटरहेडं, पावतीपुस्तकं एका दिवसात जुनी झाली. ग्रामपंचायती, सोसायट्या, शाळा, किराणावाले, सगळे आपल्या दारात. मी लहान होते, पण त्या दिवसांत ट्रेडल छपाई मशीनची खडखड ऐकतच झोप लागायची, हे पक्कं आठवतं. वीज गेली की तुम्ही मोटरचा पट्टा काढून मशीन पायाने चालवायचात. उजव्या हाताने कोरा कागद आत, डाव्याने छापलेला बाहेर, तोही मशीन मिटायच्या आत. आमच्या गावाला नवा जिल्हा पहिल्यांदा दिसला तो तुमच्या त्या ओल्या शाईत, असं मला आजही वाटतं.

दर ६ जानेवारीला तुम्ही बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालायचात. १८३२ साली 'दर्पण' काढणारा माणूस शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा, हे गिऱ्हाइकांनाही सांगायचात. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी, अशी त्या वृत्तपत्राची मांडणी तुम्ही मला कोऱ्या तावावर आखून दाखवली होती. छापणं म्हणजे ते, आपलं सगळं किरकोळ, असं तुमच्या मनात कुठेतरी बसलंय. मला ते मान्य नाही.

लग्नसराईत 'क' आणि 'र' चे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, कायम कमी पडायचे. आपल्याकडची आडनावं सगळी 'कर' वर संपणारी, आणि पत्रिकेत आप्तेष्टांची यादी लांबलचक. मग एक पान छापून व्हायचं, खिळे रॉकेलने पुसून आपापल्या खणात जायचे आणि त्याच खिळ्यांतून दुसरं पान जुळायचं. तुम्ही प्रूफ काढायच्या आधीच उलटी अक्षरं बोटाने चाचपत वाचायचात. "नाव चुकला तर तो माणूस जन्मभर इसरूचो नाय," हे तुमचं वाक्य. एकदा वधूपित्याचं नाव चुकीचं गेलं. चूक त्यांच्याच हस्तलिखितात होती आणि तो कागद तुमच्या खिशात होता. तरी तुम्ही तो बाहेर काढला नाहीत, सगळ्या पत्रिका आपल्या खर्चाने पुन्हा छापून दिल्यात. मुलीच्या बापाला मांडवाच्या घाईत खजील करायचं नाही, एवढंच म्हणालात.

आणि ती निवडणूक. रात्री दोघं जण विरोधकाची बदनामी करणारं पत्रक घेऊन आले. दुप्पट पैसे देतो, खाली मुद्रकाचं नाव नको. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा, हे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो, पण त्या रात्री तुम्ही कायद्याचं नाव काढलं नाहीत. "नावाशिवाय माझ्या मशीनर कागद चढूचो नाय," म्हणालात आणि दिवा घालवलात. त्यांची कामं पुढे कित्येक वर्षं दुसरीकडे गेली. त्या वर्षी माझी कॉलेजची फी होती. हे मला आईने फार नंतर सांगितलं.

आई, दुकानाच्या पाटीवर तुझं नाव कधी लागलं नाही, पण छापखाना दोघांचा होता. बाइंडिंगची खळ तू स्वतः शिजवायचीस. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळायचीस, आणि कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद. निळसर झालेलं ते पातेलं तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत कधी येऊ दिलं नाहीस. पावतीपुस्तक शिवण्याआधी अंगठ्याने सर्रकन चाळायचीस आणि एखादा नंबर सुटला असेल तर बरोबर तिथेच थांबायचीस. सोसायटीच्या ऑडिटमध्ये एक पावती कमी निघाली तर बिचाऱ्या सेक्रेटरीच्या गळ्याशी येईल, म्हणायचीस. पावसाळ्यात ताव ओल धरून एकमेकांना चिकटायचे, तेव्हा कागदाच्या कपाटात बल्ब लावून ठेवायची युक्तीही तुझीच. उत्तरकार्याच्या कार्डांचे पैसे बाबांनी त्या दिवशी कधी मागितले नाहीत. तुझ्या वहीत ती नावं आहेत, पुढे 'येतील' एवढंच लिहिलेलं.

पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी आली. पन्नाशीत तुम्ही त्यासाठी श्रीलिपी हे मराठी सॉफ्टवेअर शिकलात, खिळे शिशाच्या भावाने विकले. तेव्हा इलाज नव्हता. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागला आणि सगळ्या व्यापाऱ्यांना नवी बिलबुकं हवी झाली. ती शेवटची मोठी धावपळ. मग पत्रिका मोबाईलवर जायला लागल्या आणि हायवेच्या चौपदरीकरणात दुकानाचा दर्शनी भाग गेला.

म्हणून सांगते, फायली देऊ नका. प्रत्येक कामाची एक प्रत तुम्ही त्यांत लावलीत. दशावताराची हस्तपत्रकं, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, बंद पडलेल्या शाळांची प्रगतिपुस्तकं, कधीच मिटलेल्या दुकानांची बिलं. इतकं एकत्र दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. मी गणपतीत येते, तेव्हा एकेक कागद स्कॅन करू. तोवर बाबा, जमेल तसं प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, कुणासाठी छापलं आणि जुळणी कुणी केली. कामगारांची नावं राहू देऊ नका. आई, तुझ्या वह्याही हव्यात, उधारीच्यासुद्धा.

मात्र माळ्यावर तुम्ही दोघांनी चढायचं नाही. शेजारच्या मुलाशी माझं बोलणं झालंय, रविवारी तो येऊन फायली खाली काढून देईल.

तुमची,
बायो