सिस्टर, त्या साध्या पाण्याच्या बादलीबद्दल

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, रुग्णालयाचंही नाही. नाव छापलं की दुसऱ्या दिवशी चार माणसं 'आमच्या टॉमीलाही आत घ्या' म्हणत तुमच्या टेबलापुढे उभी राहतील आणि तिसऱ्या दिवशी वरून कुणीतरी परिपत्रक काढून सगळंच बंद करील. तरी पत्र उघडं लिहितो आहोत. आमच्या खारी या कुत्रीला पेशंटच्या भेटीला वॉर्डात घेताना तुम्ही जे केलंत ते मुंबईतल्या कुठल्याही इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरला, म्हणजे रुग्णालयात संसर्ग पसरू नये हे बघणाऱ्या सिस्टरला, करता येण्यासारखं आहे, म्हणून.

दुपारची अडीचची वेळ तुम्हीच निवडलीत. जेवणाची ताटं उचललेली, डॉक्टरांचा राउंड संपलेला, नातेवाइकांची गर्दी चारनंतर. लिफ्टही भेटीला येणाऱ्यांची नको, मागची सामानाची. एवढं कुणीही नीट विचार करणारं माणूस सांगेल. पण खारी वॉर्डाच्या दाराशी आली तेव्हा तुम्ही मावशींना जे म्हणालात ते अजून कानात आहे: "मावशी, फरशीच्या औषधाला दहा मिनिटं होऊ द्या, मग साध्या पाण्याची एक बादली फिरवा. ती अनवाणी येणार आहे."

ती अनवाणी येणार आहे. कुत्र्याला रुग्णालयात न्यायचं म्हटलं की सगळे विचारतात, हा काय घेऊन येईल? केस, पिसवा, जंतू. त्याच्या पायाला इथून काय लागेल, हे विचारणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं.

बादलीचं कारण तुम्हाला ठाऊक होतं, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. काळ्या फिनेलमध्ये फिनॉलच्या जातीची रसायनं असतात. ती पंजाच्या गादीला झोंबतात, कातडीतून थोडी आतही शिरतात. घरी गेल्यावर कुत्रं पंजे चाटतं, म्हणजे तेच पोटात. हायपोक्लोराइट या ब्लीचिंगच्या जातीच्या जंतुनाशकाच्या पाण्याचंही तसंच, ओल्या फरशीवरून चाललं की बोटांच्या बेचक्यांत लाली येते. मग फरशी पुसूच नये का? तेही नाही. जंतुनाशक फरशीवर ओलं राहून त्याचा वेळ घेतं तेव्हाच काम करतं, लगेच पुसलं तर वास तेवढा उरतो. तुम्ही औषधाला त्याची दहा मिनिटं दिलीत, वरून साधं पाणी फिरवलंत आणि पंखा लावून फरशी कोरडी होईपर्यंत सगळ्यांना दाराबाहेर उभं केलंत. संसर्ग नियंत्रणाचा एकही नियम वाकला नाही.

कोरडी होईपर्यंत थांबणं तर फारच बरं झालं. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. मुंबईच्या दमट हवेत, घाबरलेल्या कुत्र्याचे पंजे आधीच ओले असतात. खाली गुळगुळीत फरशी असली की पाय फाकतात, नखं रोवून तोल सांभाळायची धडपड सुरू होते आणि ट्रेनिंग विसरायला तेवढं पुरे होतं. आत शिरल्यावर दिसलं की प्रत्येक खाटेशेजारी तुम्ही बाथरूमबाहेरचे रबरी पायपुसणे टाकून ठेवले होते, धुतलेले. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता थोडं कडू. हे पत्र लिहिताना आधीची दारं आठवल्याशिवाय राहत नाहीत. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "माणसांना खाटा नाहीत आणि तुम्ही कुत्री आणताय?" पहिला अर्धा भाग खराच आहे, सरकारी वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून पेशंट झोपतो हे कुणाला ठाऊक नाही? पण हे सांगणाऱ्या साहेबांच्या खिडकीखाली, कँटीनच्या मागे, मांजरांची तिसरी पिढी सुखाने नांदत होती. लस घेतलेलं, धुतलेलं, दोरीला बांधलेलं एक जनावर तेवढं चालत नव्हतं. दुसऱ्या एका ठिकाणी याच्या बरोबर उलट. फोटोसाठी सरसकट परवानगी. सहा कुत्री, फुगे, एकच चादर या खाटेवरून त्या खाटेवर, वर पंखा फुल आणि केस उडताहेत. लसीची कागदं कुणी मागितली नाहीत, पेशंटचे हातही कुणी धुवायला लावले नाहीत. नकार देणाऱ्यांपेक्षा या दुसऱ्या मंडळींनी जास्त नुकसान केलं. तिथे एखाद्याला काही झालं असतं तर शहरभरचं दार दहा वर्षं बंद झालं असतं.

त्यात ७ नोव्हेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. रुग्णालयं, शाळा, बस डेपो, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवा, निर्बीजीकरण आणि लसीकरण करा, पण पुन्हा त्याच जागी सोडू नका, असा. आदेश भटक्या कुत्र्यांचा. पण काही कार्यालयांत तो 'रुग्णालयात कुत्रा दिसता कामा नये' असा वाचला गेला. तुम्ही तो छापून घेऊन आलात, भटकी कुठे म्हटलंय त्या ओळींखाली पेन्सिलने रेघ मारलीत आणि शांतपणे पुढच्या पानावर, म्हणजे आमच्या लसीच्या कार्डावर गेलात.

परळला उभं राहिलं की हा सगळा वाद जरा गमतीचाच वाटतो. ज्याला सगळी मुंबई बैलघोडा हॉस्पिटल म्हणते ते जनावरांचं इस्पितळ तिथे १८८३ पासून आहे, दिनशा पेटिटांनी पत्नीच्या नावाने उभं केलेलं. के.ई.एम. आलं १९२६ मध्ये, टाटा मेमोरियल १९४१ मध्ये. म्हणजे त्या भागात आजारी जनावरं आजारी माणसांच्या आधीपासून शेजारी आहेत. फक्त एकमेकांकडे जाणं-येणं नाही.

सिस्टर, खरे आभार तुमच्या नकारांबद्दल मानायचे आहेत. बारा नावांची यादी तुमच्यापुढे आली, त्यातली सात तुम्ही खोडलीत. केमोनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेलेल्या ताईंचं नाव पहिल्यांदा गेलं. अपघातात प्लीहा, म्हणजे रक्तातले जंतू गाळणारा अवयव, काढलेल्या पेशंटचंही गेलं, आणि ते आमच्यापैकी निम्म्यांच्या लक्षातही आलं नसतं. निरोगी कुत्र्याच्या लाळेत कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू सहज असतो. तुम्हा-आम्हाला तो काही करत नाही, पण प्लीहा नसलेल्याच्या जखमेवर एकदा जीभ लागली तर दोन दिवसांत जिवावर बेततं. उघडं ड्रेसिंग असलेल्या दोघी, जुलाब लागलेल्या एक, दम्याच्या एक. सातव्या बाईंनी एवढंच सांगितलं, "मला भीती वाटते." त्यांना समजवायला कुणी पुढे सरसावलं तर तुम्ही हातानेच थांबवलंत. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खाटाही वगळल्यात.

जुलाबांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. सॅनिटायझर लावला की झालं, असा समज आहे. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. आणि जंतू कुत्र्याकडून माणसाकडेच जातात असंही नाही. कॅनडातल्या रुग्णालयांत भेटीला जाणाऱ्या कुत्र्यांची पाहणी झाली होती. पेशंटचे हात चाटणाऱ्या आणि त्यांच्या हातून खाऊ घेणाऱ्या कुत्र्यांवर हे रुग्णालयी जंतू जास्त सापडले. म्हणून तुमचा नियम: चाटायचं नाही, हात द्यायचा नाही, खाऊ तर मुळीच नाही. पाच नंबरच्या मावशींनी उशीखालून ग्लुकोजचं बिस्किट काढलं तेव्हा तुम्ही ते गोड बोलून काढून घेतलंत आणि त्यांनाच खायला लावलंत!

आमच्या बाजूची तयारीही तुम्ही कागदावर घेतलीत. रेबीजची लस वर्षाच्या आतली, सोबत डिस्टेंपर-पार्व्हो आणि लेप्टो या रोगांच्याही. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. कच्चं मांस किंवा चघळायचे सुके कान-कातडी गेल्या नव्वद दिवसांत नाही, कारण अशा खाण्यातून साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू येतो आणि कुत्रं ठणठणीत दिसत असतानाही विष्ठेतून पडत राहतो. आंघोळ आदल्या संध्याकाळी, बिनवासाच्या शांपूने. निघण्याआधी ब्रश, म्हणजे सुटे केस घरीच पडतात. नखं कापून नुसती चालत नाहीत, कानशीने घासलेली हवीत, कारण नुकत्याच कापलेल्या नखाची कड म्हाताऱ्या माणसाच्या कागदासारख्या कातडीला सहज फाडते. दोरी चार फुटांची, गुंडाळीवाली नको. मानेवर टाकायचं गोचीडनाशक लावलं असेल तर निदान दोन दिवस भेट नाही, ते पेशंटच्या हाताला लागतं.

आणि पावसाळ्यात? तुम्ही भेटी बंद केल्या नाहीत. "गाडीतून उतरवून उचलून आणा, साचलेल्या पाण्यात पाय नको," एवढंच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोने या शहरात काय केलं ते पाहिलेलं माणूसच असं सांगतं. उंदराच्या मुताचं पाणी, पंजाला एखादी चीर, आणि लस सगळ्या प्रकारांना पुरत नाही. खारीचं वजन चौदा किलो आहे, उचलून आणता येतं. लॅब्राडोरवाल्यांनी मात्र पावसाळ्यात विचार करावा.

ती देशी कुत्री आहे यावरही कुणीतरी नाक मुरडलं होतं. आखूड केस, मध्यम बांधा, शेपूट वर वळलेली. खाटेच्या उंचीला लांब, जड शेपूट म्हणजे स्टूलवरचा पाण्याचा ग्लास आणि सलाइनचा स्टँड दोन्हींना धोका. या कामाला देशी कुत्रं कुठे कमी पडतं ते नाक मुरडणाऱ्यांनी सांगावं.

तीन नंबरच्या आजींचं सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. अर्धांगवायूने उजवा हात मांडीवर पडून राहिलेला. सलाइन डाव्या हाताला, लघवीची पिशवीही डावीकडे लटकलेली, म्हणून खारीला तुम्ही उजवीकडे घेतलंत. तिच्यासाठी घडीची वेगळी चादर अंथरलीत. ती नंतर आतल्या बाजूला दुमडत गुंडाळायची म्हणजे केस बाहेर पडत नाहीत, हेही तुम्ही मावशींना करून दाखवलंत. फिजिओच्या ताईंनी ब्रशच्या दांड्याला क्रेप बँडेज गुंडाळून तो जाड केला होता, कारण बारीक दांडा अशा मुठीत टिकत नाही. मानेपासून कमरेपर्यंत एकदा ब्रश फिरवायचा म्हणजे खांदा पुढे आणि कोपर सरळ. रबरी चेंडू दाबायला आजी तयार नसायच्या. इथे ताई खाली कोपर धरून मोजत होत्या. अकरा वेळा ब्रश फिरला, बाराव्या वेळी गळून पडला. चमत्कार वगैरे काही नाही, आजी अजून डाव्या हातानेच जेवतात. पण ब्रश पडल्यावर त्यांनी तो पुन्हा मागितला.

पाचव्या खाटेजवळ येताना खारीने जांभई दिली आणि दोनदा ओठ चाटले. कुणालाही वाटेल झोप आली. तो ताण असतो. ट्रॉलीची चाकं, मॉनिटरची टिवटिव, कुठेतरी पडलेलं स्टीलचं बेडपॅन, हे सगळं ती चाळीस मिनिटं गिळत होती. एका फेरीला तासाच्या वर नेऊ नये असं या विषयातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, पण घड्याळापेक्षा कुत्र्याकडे बघावं. तुम्ही "जांभई का देतेय?" असं विचारलंत, उत्तर ऐकलंत आणि बिस्किटवाल्या मावशींच्या खाटेशी दोन मिनिटं थांबून फेरी तिथेच आटोपलीत. त्यांच्या वाट्याला कमी आलं म्हणून त्यांच्याजवळ बसून सांगितलंत, "पुढच्या वेळी पहिला नंबर तुमचा." ड्युटी संपायला आलेली असताना. चांगुलपणा म्हणतात तो बहुधा असाच असतो, त्याला भाषण लागत नाही. माणसाचं आणि मुक्या जनावराचं एकाच वेळी बघणारी नजर लागते.

जाता जाता ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातला तो डबा पाहिला: जुने कागद, हातमोजे, पिशवी, एक टक्का हायपोक्लोराइट. वर तुमच्या अक्षरात चिठ्ठी, 'आधी टिपून घ्या, पाण्याने पुसा, मग औषध. लघवीवर थेट ओतू नका.' थेट ओतलं तर लघवीतल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइनची वाफ निघते आणि वॉर्डभर खोकला सुरू होतो. डबा वापरावा लागला नाही. पण तो होता.

गुरुवारी अडीचला येतो, सिस्टर. आंघोळ बुधवारी संध्याकाळी उरकतो. बिस्किटवाल्या मावशींना तेवढा निरोप द्या, आणि बादली या वेळी आम्ही भरतो, फरशी पुसणाऱ्या मावशींचे गुडघे दुखतात.

आपले नम्र,
खारीची दोरी धरणारे