गुडघ्यांचा विचार करून आखलेली केळशीची वाट

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता आमच्याने प्रवास होत नाही, तुम्हीच फिरा." मला ते पटलेलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मावशीला घेऊन मी नुकतीच दापोलीहून केळशीपर्यंत गाडीने जाऊन आले. सकाळी निघालो, दिवेलागणीला परत. मावशी आईहून मोठी, हातात काठी, तरी दिवसभर ताजीतवानी होती. मी मात्र सगळीकडे तुमच्या दोघांच्या गुडघ्यांचा विचार करत हिंडत होते.

आसूदचं केशवराजाचं देऊळ आपण सोडून देऊ. पोफळीच्या बागेतून वाट सुरेख आहे, पण पुढे दमवणारा चढ आहे. मावशीने रस्त्यावरूनच हात जोडले.

आंजर्ल्याचं तसं नाही. आई, कड्यावरच्या गणपतीचं नाव काढलं की तू म्हणतेस, "पायऱ्या कोण चढणार?" अगं, गाडी आता पार देवळापर्यंत जाते. उजव्या सोंडेचा गणपती, सावकाश दर्शन झालं. देव समुद्रकाठचं देऊळ सोडून कड्यावर आला, ती गोष्ट मावशीने मलाच पुन्हा सांगितली. मग कठड्याशी बसलो. खाली माडांचे शेंडे, पलीकडे हर्णै आणि पाण्यात सुवर्णदुर्ग. मावशी तिथून उठायलाच तयार नव्हती. मीही घाई केली नाही. अशा दिवसात एखादं गाव कमी झालं तरी चालेल, पण बसायचं तिथे पोटभर बसावं, असं माझं ठाम मत झालंय.

पुढे पाडले, आडे करत केळशीला जाणारा रस्ता मला सगळ्यात आवडला. कधी अगदी समुद्राला खेटून जातो, कधी चढून वरच्या सपाट कातळावर, सड्यावर येतो. गावातून जाताना मात्र दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, समोरून एसटी आली की कोणाला तरी मागे जावं लागतं. इथले लोक न कुरकुरता मागे घेतात, आपणही घ्यायची. आड्याला भार्गवरामाच्या देवळात दोन मिनिटं टेकलो.

केळशीत आई, तू रमशील. महालक्ष्मीचं देऊळ, शेजारचं तळं, सावलीतल्या आळ्या. एका खळ्यात सुपारी वाळत घातली होती. मावशीने विचारून एक हातात घेतली आणि तिथल्या आजींशी गप्पाच सुरू झाल्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा इकडच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. आजी म्हणाल्या, "माणसं वाचली, झाडं परत लावली." पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं घेते, म्हणजे तेव्हा लावलेली झाडं आत्ता कुठे हाताशी येतायत. ओळीत उभ्या त्या कोवळ्या पोफळी बघून मला भरून आलं. गावाबाहेर भारजा नदीच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी आहे, ती आम्ही लांबूनच पाहिली. वाळूत काठी रुतते.

परतताना हर्णै. बाबा, हे खास तुमच्यासाठी. सुवर्णदुर्गाला होडीने जायची गरज नाही, बंदरावरून तो समोरच दिसतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं. पुढे 1755 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला, त्यावर तुमचं आणि काकांचं भांडण मी लहानपणापासून ऐकत आलेय. आता तिथे उभं राहून भांडा.

संध्याकाळी बंदरावर लिलाव सुरू होता. ओल्या वाळूवर माशांचे वाटे, भोवती माणसांचं कडं, आणि मधे उभी असलेली एक कोळीण भाव असा चढवत नेत होती की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला सवड नाही. आम्हाला अर्धं कळलं नाही, पण एका पाटीचा सौदा पटेपर्यंत मावशी तिथून हलली नाही. पायाखाली घसरतं, वासही उग्र असतो. आई, तू गाडीतच बस, तिथूनही सगळं दिसतं.

आता ठरवायचं ते एवढंच. पावसाळ्यात नको, आणि जून-जुलैत मासेमारीही बंद असते. थंडीत या. संकष्टी आणि शनिवार-रविवार टाळू, आंजर्ल्याला गर्दी होते. दर तासाभराने गाडी थांबवायची, हे मी आधीच कबूल करते. मुक्काम दापोलीत, तळमजल्यावरची खोली, कमोड असलेली. मी फोन करून विचारून ठेवलंय. बाबांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळून जेवण आंजर्ल्यात घेऊ. मावशी पुन्हा यायला तयार आहे, गाडीत मागच्या सीटवर आईशेजारी बसणार म्हणते.

डॉक्टरांकडची तपासणी झाली की तारीख कळवा. त्याप्रमाणे मी रजा टाकते.

तुमची लेक