कागदावरची प्रयोगशाळा

महोदय,

प्रत्येक शाळेला यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीतील ११ अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून तेथील शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, ग्रंथालय यांची नोंद संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, हे आमच्या पाटण तालुक्यातील फारच थोड्या पालकांना ठाऊक असावे. मुलीच्या माध्यमिक शाळेची नोंद मी सातारा शहरातील एका शाळेच्या नोंदीशेजारी ठेवून वाचली. प्रयोगशाळा दोन्हीकडे ‘आहे’. आमच्याकडे मात्र त्या खोलीत पोषण आहाराची तांदळाची पोती आणि मोडके बाक रचलेले आहेत. माहिती शाळाच भरते, तेव्हा हे व्हायचेच. शिवाय २००९चा शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच लागू असल्याने नववी-दहावीच्या सोयींबाबत त्याचा आधार घेता येत नाही. निदान ही नोंद शाळेच्या फलकावर लावून पालकसभेत वाचून दाखवण्याचा आदेश जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने काढावा.

– एक पालक, पाटण (जि. सातारा)