रात्री अडीचच्या फोनबद्दल

मॅडम,

हे ऑफिसच्या मेलवर पाठवलं असतं तर ‘अरे, काय त्यात एवढं’ म्हणून मोकळ्या झाला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

त्या रात्री डेटाबेस सर्व्हरची डिस्क भरली. माझ्या रोजच्या परवान्यात तिथलं रूट, म्हणजे सर्व्हरवर काहीही करायची मुभा, नाही, म्हणून आणीबाणीचं खातं उघडलं. दोन मिनिटांत तुमचा फोन. पोटात गोळाच आला. म्हटलं, झाली उलटतपासणी सुरू. तर तुम्ही म्हणालात, “तू काम कर, मी लाइनवर आहे. घाई नाही.”

आणि चाळीस मिनिटं खरंच गप्प बसलात. लॉगची भलीमोठी फाइल उडवली तरी जागा काही मोकळी होईना. प्रोसेसने ती अजून धरून ठेवलीय, हे झोपाळलेल्या डोक्यात शिरायला वेळ लागला. तुमच्याकडून नुसती पंख्याची घरघर, मध्येच एक कुत्रं भुंकलं. सर्व्हिस रीस्टार्ट झाल्यावर तुमचं दुसरं वाक्य: “झालं ना? झोप आता, नोंद सकाळी लिही.”

तुमच्या आधीचे दिवस आठवतात. रूटचा पासवर्ड एक्सेलमध्ये, अर्ध्या मजल्याला पाठ. मग ऑडिटवाल्यांनी झापलं आणि एकदम दुसरं टोक: तिकीट, वर तीन मंजुऱ्या. मंजुरी देणारे साहेब एकदा लग्नाला गेलेले, सर्व्हर सकाळपर्यंत आडवा आणि शिव्या मात्र मला. मग काय, ज्याने त्याने आपापली चोरवाट काढली.

तुम्ही आलात आणि आठवडाभर आमच्या नाइट शिफ्टला वही घेऊन बसलात. कोण कुठली कमांड किती वेळा मारतो, तेवढंच लिहीत. रोजच्या कमांडी सुडोत आल्या, म्हणजे तेवढ्याच रूटच्या अधिकाराने मारता येऊ लागल्या; बाकीला चार तासांत आपोआप संपणारं एसएसएच प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचा तात्पुरता पास. ओपनएसएसएच या लॉगिनच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०१० पासून आहे म्हणे! आमच्याकडे कुणाला सुचली नव्हती, की आम्हाला विचारायला वेळ नव्हता, देव जाणे. दरडावणारे पुष्कळ पाहिले. अपरात्री सोबतीला बसणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं.

आता एक कबुली. त्याच डेटाबेस सर्व्हरवर ‘टेस्ट’ नावाने माझी एक एसएसएच की, म्हणजे परवानगीशिवाय आत शिरायची किल्ली, चार वर्षं लपवलेली होती. त्या रात्री हात आधी तिच्याकडेच गेला होता.

सकाळी नोंद लिहायच्या आधी त्या कीची ओळ सर्व्हरवरून काढून टाकली.

तुमचा,
नाइट शिफ्टवाला